एक पायरी कमी

मित्रांनो, मी जाड कागदाची एक पट्टी आहे. वीतभर लांब, दोन बोटं रुंद आणि आता कोपऱ्यांवर मऊ पडलेली. माझ्या अंगावर सहा चौकोन आहेत. पहिला जवळजवळ पांढरा, दुसरा लाजल्यासारखा किंचित गुलाबी, आणि तिथून पायरीपायरीनं गडद होत गेलेला सहावा, बीट चिरल्यावर बोटांना लागतो तसा. समुद्रातले मासे ज्या काचेच्या टाकीत पाळतात, तिच्या खाऱ्या पाण्यात नायट्राइट नावाचं द्रव्य किती आहे, हे दाखवणं माझं काम. मी बोलत नाही. नळीशेजारी नुसती उभी राहते. बघणाऱ्यानं बघायचं असतं. माझ्या आयुष्यातली सगळी लाज या एका गोष्टीतून निघाली आहे, म्हणून ती आधी सांगितली.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथे जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक बाई होती. तिच्यासमोर सहा काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या असत. प्रत्येकीत मोजून नायट्राइट घातलेलं, औषधाच्या थेंबांनी रंगलेलं पाणी. छापून आलेली प्रत्येक खेप ती त्या नळ्यांशी ताडून बघे.

"कागद कोरडाय आणि पाणी ओलंय, हे रडगाणं मला सांगू नका," असं ती शाई मिसळणाऱ्या माणसाला म्हणायची. "शेजारी ठेवल्यावर दोन्ही सारखं दिसायला हवं. नाहीतर खेप परत."

म्हणजे ओल्या-कोरड्यातला फरक माझ्या जन्माआधीच धरला गेला होता. माझ्या मालकानं तो पुन्हा एकदा धरला, आणि तिथे घात झाला.

माझे मालक रंगारी होते. जुने कोट, पडदे, सुताच्या लडी, विटलेली चादर, जे येईल ते रंगवून देत. सगळी गल्ली त्यांना नजरकाका म्हणायची, कारण त्यांची नजर. पडद्याचा टीचभर तुकडा आणून दिला, तर ते खिडकीपाशी जात, डोळे बारीक करत आणि म्हणत, "निळ्यात चमचाभर काळा, आणि काळ्यात नखभर तांबडा." रंग तसाच उतरायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत हंडे उकळत असायचे. पुढच्या खोलीत त्यांची लेक शिलाई मशीन घेऊन बसायची. उसवलेलं शिवायची, लांब असलेलं आखूड करायची. आई तिच्या लहानपणीच गेली होती. बापलेक दिवसभर दोन खोल्यांतून, मधल्या पडद्याआडून एकमेकांशी बोलायचे, आणि त्यातलं निम्मं बोलणं भांडणच असायचं.

काचेची टाकी लेकीला मिळाली. शेजारच्या रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा ती टाकी रिकामी पडली होती. लेक ती उचलून घेऊन आली.

"आता हेच राहिलं होतं," नजरकाका म्हणाले. "दुकानात बसायला गिऱ्हाइकाला जागा नाही, आणि माशांना बंगला."

पण टाकीत मीठपाणी भरलं, खडक रचले, दिवा लागला, आणि त्या पाण्यात उमटलेला निळा उजेड बघून म्हाताऱ्याचाच पाय तिथून निघेना. माशांच्या दुकानदाराकडे, ज्याला सगळे टाकीवाला म्हणत, तेच गेले. मी तिथल्या फळीवर एका पेटीत होते. सोबत दोन छोट्या बाटल्या, एक काचेची नळी, पाणी मोजून घ्यायची एक पिचकारी.

टाकीवाल्यानं त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. तेच मी तुम्हाला सांगते. मासा खातो, घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया होतो. तो विषारी. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू अमोनिया खाऊन नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू नायट्राइट संपवतात. ही वस्ती बसायला काही आठवडे लागतात.

"गोड्या पाण्यातला मासा नायट्राइटनं गुदमरतो," टाकीवाला म्हणाला. "खाऱ्या पाण्यात मिठामुळे तो बराच वाचतो. म्हणून गुलाबी दिसलं की घाबरायचं नाही. पण सोडूनही द्यायचं नाही. नव्या टाकीत दिसलं, तर घर अजून लागलेलं नाही. लागलेल्या घरात पुन्हा दिसलं, तर काहीतरी बिनसलंय. अमोनियाची पेटीपण देऊ का?"

"एक रंग पुरे," नजरकाका म्हणाले. "रंग बघण्यात माझी हयात गेली."

दर रविवारी सकाळी ते मला बाहेर काढत. पिचकारीनं पाणी घेत, नळीत सोडत. पहिल्या बाटलीचे थेंब मोजत, हलवत, दुसऱ्या बाटलीचे थेंब मोजत, मग घड्याळ लावून पाच मिनिटं थांबत. पाचाची सहा होऊ देत नसत. मग उत्तरेच्या खिडकीशी मला आडवी धरून नळी माझ्यावरून सरकवत. त्यांचे हात रंगानं कायमचे डागाळलेले होते, पण माझ्यावर त्यांनी कधी बोटाचा ठसा पडू दिला नाही. मित्रांनो, मला फार सुख वाटायचं. आपल्याला इतकं नीट बघणारा माणूस मिळाला, असं वाटायचं.

आणि त्याच खिडकीशी मी पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं.

नळीतलं पाणी माझ्या तिसऱ्या चौकोनाशी जुळलं होतं. तंतोतंत. नजरकाकांनी डोळे बारीक केले आणि वहीत लिहिलं, दुसरी पायरी.

"बाबा, तिसरी आहे ना?" लेक मशीनवरून वाकून म्हणाली.

"दिसते तिसरी. आहे दुसरी. ओला रंग एक पायरी चढाच दिसतो, बाई. वाळला की उतरतो. चाळीस वर्षं हेच करतोय."

कापडाच्या बाबतीत ते खरंच होतं. ओली चादर गडद दिसते, दोरीवर वाळली की फिकी होते. एक पायरी कमी धरली नाही, तर रंगाऱ्याचं हसं होतं. पण नळीतलं पाणी वाळायचं नव्हतं, आणि मी ओल्या पाण्याशी जुळवूनच छापलेली होते. हे त्यांना सांगायला मला तोंड नव्हतं.

पुढच्या रविवारी पाणी दुसऱ्या चौकोनाशी जुळलं. काकांनी एक पायरी उतरवून वहीत पहिली, म्हणजे शून्य, लिहिलं.

"मला अजून जरा गुलाबी वाटतंय," लेक म्हणाली.

"तुला शिवण कळतं, मला रंग कळतो. आपापल्या खोलीत बसावं."

ती हसली आणि आपल्या खोलीत बसली. दुपारी दोन जोकर मासे आले, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. एक मोठी मादी, एक धाकटा नर. काही बिघडलं नाही. एवढ्याशा गुलाबीनं खाऱ्या पाण्यात बिघडतही नसतं, आणि उरलेली वस्ती आठवड्याभरात बसली. मग पाणी खरोखरच पांढरं येऊ लागलं, आणि काका वहीत शून्यच लिहीत राहिले. दुसऱ्या चौकोनालाही शून्य, पहिल्यालाही शून्य. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मला दाखवत. "ही पट्टी आणि हा डोळा," म्हणत, "टाकीला तिसरं काही लागत नाही." मीही फुशारले होते. चुकीचं वाचूनही कौतुक होत असेल, तर ते कौतुक नको म्हणणारी पट्टी मी नव्हते. हे कबूल करताना आज कागदाला घाम फुटतो.

मासे लेकीचे झाले. सकाळी आणि संध्याकाळी चिमूट चिमूट दाणे तीच घालायची. ती काचेपाशी आली की मोठी मासोळी पुढे येऊन शेपटीनं सगळं अंग हलवायची. "बघा, हिला माझा आवाज कळतो," लेक म्हणायची. "आवाज नाही, दाणे कळतात," पडद्याआडून उत्तर यायचं.

वर्षभरानं काकांना टाकीची गाळणी मळकट दिसली. डाग म्हटला की त्यांना चैन पडत नसे. गाळणीतला तपकिरी स्पंज त्यांनी काढला आणि हंड्यातल्या उकळत्या पाण्यात खळखळून धुतला. पांढरा शुभ्र झाला. लेकीला दाखवून म्हणाले, "याला म्हणतात धुणं." ज्या वस्तीनं वर्षभर पाणी राखलं, तिचा मोठा भाग त्या स्पंजातच राहत होता. एका उकळीत तेवढी वस्ती उठली.

त्या रविवारी मी दुसरी पायरी दाखवली. काकांनी शून्य लिहिलं. बुधवारी मोठी मासोळी पाण्याच्या वरच्या थराशी जाऊन भराभर श्वास घेऊ लागली. काकांनी पुन्हा पाणी तपासलं. मी तिसरी पायरी दाखवली. ती नुसती जुळली नाही, ओरडत होती. काकांनी दुसरी लिहिली आणि मान हलवली.

"थोडंसं आहे. दाणे जास्त पडतायत. तुझा हात सैल आहे."

"चिमूटभरच टाकते, बाबा."

"चिमूट कुणाची, तुझी की पहिलवानाची?"

लेकीनं दाणे निम्मे केले, मग एकच वेळ घालू लागली. म्हणजे आजारी जिवाला उपाशीही ठेवलं, बापाचं ऐकून. शनिवारी सकाळी मोठी मासोळी खडकाच्या कडेला आडवी पडली होती.

शनिवारी दुकान भरलेलं असतं. ॲप्रन काळे करायला आलेला कोपऱ्यावरचा न्हावी होता, पडदे घेऊन आलेल्या बाई होत्या, आणखी दोघंतिघं होती. एवढ्या लोकांसमोर नजरकाका लेकीवर ओरडले.

"शंभर वेळा सांगितलं, हात आवर. मारलंस ना तिला? आपल्या हातानं मारलंस!"

लेकीच्या बोटात अंगुस्तान होतं. ते तिनं काढलं, मशीनवर ठेवलं, मग पुन्हा घातलं. एवढंच. त्या दिवसानंतर तिनं मशीन फिरवून भिंतीकडे तोंड करून घेतलं, आणि धाकट्या माशाला पुन्हा कधी दाणे घातले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका एकटे होते. धाकटा तरी वाचावा म्हणून त्यांनी बादलीत नवं मीठपाणी कालवलं होतं. आधी ते तपासावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी दोन नळ्या घेतल्या, एकीत नवं पाणी, दुसरीत टाकीतलं, आणि दोन्ही माझ्यावर शेजारीशेजारी धरल्या. आजवर त्यांनी कधी दोन नळ्या धरल्या नव्हत्या.

नवं पाणी माझ्या पहिल्या चौकोनावर बसलं. काकांचे ओठ सवयीनं हलले, एक पायरी कमी. आणि ते थांबले. पहिल्याच्या खाली पायरी नव्हती. ओलं पाणी पांढरं होतं, आणि पांढरंच होतं. त्यातून उतरायला काही नव्हतं. मग त्यांनी वही उघडली. किती तरी वेळ ते शून्यांच्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. दोन वेगळ्या रंगांना त्यांनी एकच नाव दिलं होतं. रंगाऱ्याच्या आयुष्यात याहून मोठी नामुष्की नसते.

मला खिशात घालून ते टाकीवाल्याकडे गेले.

"पट्टी किती दाखवत होती?" टाकीवाल्यानं विचारलं.

"तिसरी."

"आणि तुम्ही गप्प बसलात? गाळणी कशात धुतली होती?"

"उकळत्या पाण्यात. पण साबण नाही लावला."

टाकीवाल्यानं कपाळाला हात लावला. "अहो काका, तिला मारलं अमोनियानं. नायट्राइट बिचारं नुसतं हाका मारत होतं." मग त्यानं आपल्या चालत्या टाकीतला एक जुना, मळका स्पंज पिशवीत घालून दिला. "हा लावा, रोज थोडं पाणी बदला. आणि याला धुऊ नका, हात जोडतो."

धाकटा वाचला. काकांनी महिनाभर बादल्या वाहिल्या. त्या दिवशी घरी परतल्यावर लेकीनं विचारलं होतं, "काय म्हणाला टाकीवाला?"

मी खिशातच होते.

"काही नाही," ते म्हणाले. "स्पंज दिला." आणि मला बटणांच्या खणात टाकून त्यांनी खण लोटला.

मित्रांनो, माणूस खोटं बोलतो तेव्हा दर वेळी शब्द वापरतोच असं नाही. अडीच वर्षं मी त्या खणात होते, आणि बाहेर त्या मासोळीचा विनोद झाला होता. न्हावी दर खेपेला म्हणायचा, "ताई, माझ्या ॲप्रनला जास्त चारा घालू नका हं, फुगून मरेल!" लोक हसायचे. लेकही हसायची, कारण न हसणं जास्त दिसलं असतं. आणि पडद्याआडून काकांचंही हसू यायचं. ते हसू मला अजून ऐकू येतं. बटणांनाही लाज वाटावी असं होतं ते.

मग एके दिवशी आत्या आली, काकांची थोरली बहीण. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. घरी म्हातारी मांजर होती, तिच्या डोळ्यांत दिवसातून दोनदा औषध घालावं लागे.

"महिनाभर माझी म्हातारी सांभाळशील का गं? तुझ्याएवढं हळुवार कोण करणार?"

"नको आत्या," लेक म्हणाली. "माझ्या हाताला यश नाही. दुसरं कुणी बघ."

"अगं, मांजर आहे. मासा नाही."

"जीव तर आहे ना." तिनं दातानं दोरा तोडला. स्वर अगदी साधा होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. त्यामुळेच तो पडद्यापलीकडे जाऊन लागला असावा, कारण हंड्यातली काठी फिरायची थांबली.

आत्या गेल्यावर काका बाहेर आले. खण उघडला, मला काढलं आणि मशीनच्या पाटावर ठेवलं.

"बाई, ती मासोळी तुझ्यामुळे मेली नाही."

लेकीनं वर पाहिलं नाही.

"ही तिसरी पायरी दाखवत होती. मी दुसरी म्हणत होतो. तुला बरोबर दिसत होतं. गाळणीही मीच मारली, उकळत्या पाण्यात."

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

मशीनचं चाक तिनं हातानं थोडं फिरवलं. सुई कापडात उतरली आणि तशीच राहिली.

"अडीच वर्षं झाली, बाबा."

"हो."

"न्हावीदादा बोलायचे, तेव्हा तुम्ही हसायचात."

"हो."

"ओरडलात तेव्हा दुकान भरलेलं होतं. आत्ता बघा, उंबऱ्यावर कुत्रंसुद्धा नाही."

काका आत गेले. ती शिवत राहिली, आणि मी त्या पाटावर चार दिवस पडून होते. चार दिवस त्या दोन खोल्यांत भांडणसुद्धा झालं नाही.

शनिवार आला. दुकान भरलं. न्हावी ॲप्रन घेऊन आला आणि ठरल्याप्रमाणे म्हणाला, "ताई, चारा जपून हं!"

पडदा बाजूला झाला. काका हातातला काळा रंग तसाच ठिबकवत बाहेर आले.

"न्हावीदादा, ती मासोळी मी मारली."

"घ्या! लेकीची बाजू घेताय होय?"

"बाजू नाही घेत. हिला रंग बरोबर दिसला होता. मला दिसला नाही. मी भलतं वाचलं, आणि नाव हिचं घेतलं. याच जागी."

रंगाऱ्यानं भरल्या दुकानात 'मला रंग दिसला नाही' म्हणणं म्हणजे काय, हे तुम्हाला समजायला हवं. एक बाई नवा पडदा आणि त्याच्या जोडीच्या छटेसाठी धागा घेऊन उभ्या होत्या. त्यांचा हात अर्ध्यावर थांबला.

"मग आता माझी छटा कोण बघणार?" त्यांनी विचारलं.

"ही बघेल," काका म्हणाले.

लेकीनं क्षणभर बापाकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "द्या इकडे." ती धागा घेऊन खिडकीपाशी गेली.

न्हावी मान खाजवत होता. "म्हणजे एवढे दिवस मी... अहो ताई, सांगायचं तरी!"

"तुम्ही कुणाला बोलू देता का?" ती खिडकीतून म्हणाली. या वेळी लोक हसले ते न्हाव्याला.

तिनं बापाला माफ केलं का, ते मला माहीत नाही. ते माझ्या चौकोनांत बसणारं मोजमाप नव्हे. पण संध्याकाळी तिनं आत्याला फोन लावला आणि विचारलं, "म्हातारीला कधी आणायला येऊ? आणि थेंब किती, तेवढं लिहून ठेव." आत हंड्यापाशी उभ्या असलेल्या माणसानं डोळे पुसले, आणि गालावर काळा पट्टा ओढून घेतला.

ते आता नाहीत. शेवटची दोन वर्षं दर रविवारी लेक नळी धरायची, ते वही घेऊन शेजारी उभे राहायचे. "किती?" विचारायचे आणि ती सांगेल ते लिहायचे. वहीतलं शेवटचं अक्षर तिच्या हातचं आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी संपवताना म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. त्या खिडकीच्या उजेडात राहून राहून माझे चौकोन आता विटले आहेत. विटलेली पट्टी साध्या गुलाबी पाण्यालाही भयंकर ठरवते. म्हणून पेटीवरची तारीख बघा, आणि मुदत सरली की आम्हाला खुशाल टाकून द्या. नवी पट्टी आणा. रंग आहे तसा वाचा. शेजारचं कुणी 'मला जरा वेगळं दिसतंय' म्हणालं, तर एकदा त्याच्या जागी उभं राहून बघा. आणि चूक आपली निघाली, तर जिथे ओरडलात तिथेच जाऊन सांगा. त्याच दिवशी सांगा.

लेकीनं मला अजून टाकलेलं नाही. टाकीशेजारी टेकवून ठेवलं आहे. येणारे जाणारे म्हणतात, बिचारीचे रंग किती उडाले. त्याचं मला काही वाटत नाही. बटणांच्या खणातल्या त्या अडीच वर्षांत माझा एकही रंग उडाला नव्हता. लाज वाटते ती त्याची.